मेंढकेबाबाचा मृत्यूचा दाखला

बा, तू मेलास याचा दाखला गेल्या महिन्यात मिळाला. तहसीलमधून आदेश निघाला, आदेशावरून नोंद झाली, नोंदीवरून दाखला, अशी वरात काढत काढत तो आला. ड्युटी संपवून घरी येताना मी बसमध्येच उघडून वाचला. तुझं नाव बरोबर आहे, आईचं बरोबर आहे. मृत्यूचं ठिकाण म्हणून ज्या गावाचं नाव लिहिलंय तिथं तू मेंढरं घेऊन वर्षातून एकदा तळ द्यायचास, एवढाच तुझा संबंध. पण मेलास तिथं, म्हणून कागदोपत्री आता तिथलाच. तुला वाचता येत नव्हतं, तरी लिहितेय. आम्ही दोघींनी या कागदापायी अख्खा हिवाळा घातला आणि ज्याच्यासाठी घातला त्यालाच पत्ता नाही, हे काही मला पटत नाही.

तुला मधलं काहीच माहीत नाही, म्हणून थोडक्यात सांगते. तू गेल्यावर आईनं मामाच्या तळाबरोबर राहून काही वर्षं मेंढरं राखली, मग विकली. मी आश्रमशाळेतच पुढं शिकले आणि आता धारूरच्या डेपोत कंडक्टर आहे. खाकी घालते, खांद्याला चामडी पिशवी असते, दिवसभर माणसं मोजते. हे ऐकून तू कपाळाला हात लावला असतास. शाळेतून दिवाळीच्या सुट्टीत आले होते तेव्हा नवे नवे आकडे येत होते म्हणून मी बोट नाचवत मेंढरं मोजायला लागले, तर तू काठीचं टोक माझ्या बोटावर ठेवलंस. "मेंढरं मोजू न्हाई. वळखायची असतात," म्हणालास. मी रुसून जेवले नाही. संध्याकाळी कळप जाळ्याच्या कुंपणात शिरताना तू नुसती नजर फिरवलीस आणि म्हणालास, "कानफाटी मागं ऱ्हायली." खरंच राहिली होती. अजूनही बसमध्ये एखादं गिऱ्हाईक तिकीट न काढता मागं तोंड लपवून बसलं की मला ते आकड्यावरून नाही, तोंडावरून कळतं.

आई गावातच राहते, आपल्या त्या जागेवर. चार बल्ल्या, वर पत्रे, बाजूनं जुनी लुगडी. दार म्हणजे एक सुटा पत्रा, रात्री तो टेकवायचा आणि बाहेरून कुत्रं ढकलू नये म्हणून आतून दगड लावायचा. मी कितीदा म्हटलं, माझ्याकडं चल. लेकीच्या सासरी राहायला ती तयार नाही आणि माझी सासू बरी आहे हे सांगून उपयोग नाही. गेल्या वर्षी तिला घरकुल मंजूर झालं. आईनं यादीत नाव आल्याचं ऐकलं आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, "मला एकदा आतून कडी लावून निजायचंय." तिचं सगळं आयुष्य उघड्यावर गेलं, तुझ्याबरोबर आणि तुझ्यानंतरही. तक्रार म्हणून म्हणाली नाही, पण मला मात्र ते वाक्य लागलं.

जागा तुझ्या नावावर. ती आईच्या नावावर केल्याशिवाय पाया खणता येत नाही आणि मार्चअखेरपर्यंत कागद लागले नाहीत तर घरकुल दुसऱ्याला जाणार. ग्रामसेवकानं मयताचा दाखला मागितला. आई म्हणाली, "अवो, सगळ्या गावाला ठावं हाय तो मेला म्हणून. माझ्या कपाळाकडं बगा की." तो पोरगा चांगला आहे, हसला आणि म्हणाला, "मावशी, कपाळाची झेरॉक्स लावता येत न्हाई. कुठं वारले ते सांगा." रानात, आईनं सांगितलं. कोणत्या गावच्या रानात? खाली, गंगथडीला, गोदावरीच्या अंगाला. गंगथडीला गावं लई हायत, तो म्हणाला, आणि जिथं माणूस मरतं तिथंच त्याची नोंद होते, आमच्या हातात काही न्हाई. मला राग आला. त्याचा नाही, तुझा. मरायला आपलं गाव सापडलं नाही का, असं मनात आलं. मग लक्षात आलं, वर्षातले आठ महिने तू गावात असायचासच कुठं?

गावाचं नाव आईला येईना, मी तर तेव्हा लहान. तिला आठवत होतं ते असं: पाट ओलांडला की वरच्या अंगाला दोन बाभळी, पडकी विहीर आणि विहिरीपासून हाकेच्या अंतरावर बरं बोलणाऱ्या शेतकऱ्याचं रान. रजेच्या दिवशी तिला घेऊन मी माजलगावच्या पुढं जाणाऱ्या बसमध्ये बसले. खिडकीला तोंड लावून ती म्हणत होती, हितं न्हाई, हितं बी न्हाई. सगळीकडं ऊस. तुम्ही ज्या मोकळ्या रानात मेंढरं बसवायचात तिथं आता माणूस शिरला तर दिसणार नाही. मी आशा सोडून दिली होती आणि आई एकदम म्हणाली, "थांबीव." मी सवयीनं घंटीची दोरी ओढली. त्या बसचा कंडक्टर माझ्याकडं बघतच राहिला.

पाट होता. विहीर बुजवलेली. दोनातली एक बाभूळ उभी होती आणि तिच्याखाली तू होतास, बा. म्हणजे तो दगड होता, तुला माती दिल्यावर उशाशी ठेवलेला. तो मला ओळखू आला नाही, आईला आला. शेंदूर फासलेला, त्याला चांदीचे डोळे बसवलेले. वर लोखंडी खांबांवर पत्र्याचं नीटस छप्पर, छपराला पितळी घंटा, पुढं नारळाच्या शेंड्यांचा ढीग आणि दगडाच्या पायाशी घोंगडीचा तुकडा अंथरलेला. बांधाला गवत कापणाऱ्या बाईला मी विचारलं, हे काय आहे. "मेंढकेबाबाचं ठाणं," ती म्हणाली. "लई जागृत हाय. जनावर आजारी पडलं का हितली माती लावायची, उठून उभं ऱ्हातं. बाबा बसल्या जागी गुप्त झाला म्हणत्यात."

आईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतेय. ती हसत होती, इतकी की खाली बसली. "जित्या मेंढराची खोकली बरी करता आली न्हाई कधी ह्याला," म्हणाली, "अन् आता म्हशी उठवतोय." मीही हसले. मग ती वर छपराकडं बघत राहिली आणि तिचा चेहरा बदलला. "ह्याला छप्पर हाय. घंटी हाय. चांदीचे डोळे हायत. अन् मी पत्र्याला धोंडा लावून निजते." मी तिला उठवायला हात दिला, तर तिनं तो झटकला. थोडा वेळ ती तुझ्याशी भांडली असावी, मनातल्या मनात. मी लांब उभी राहिले.

तो शेतकरी जिवंत आहे. तात्या म्हणतात त्याला, पार थकलाय. आईला बघून आधी ओळख लागेना, मग म्हणाला, "तुमच्या घोडीनं माझ्या कडब्याला तोंड लावलतं." तिथून दोघांना सगळं आठवायला लागलं आणि मलाही. तू बाभळीखाली आडवा पडलायस. आई तीन दगडांच्या चुलीवर हुलग्याचं माडगं करतेय. छातीत कळ येतीय, घटकाभर निजतो, तू म्हणतोस, आणि मेंढरं माझ्या हवाली करतोस. पहिल्यांदाच करतोस, म्हणून मी फुशारकीनं काठी घेऊन पाटापलीकडं जाते. परत येते तेव्हा चुलीवरचं माडगं करपलेलं आहे आणि तुझ्याभोवती माणसं आहेत. तात्यानं घरातून नवं धोतर आणलं, त्याची बायको भाकरी घेऊन आली. तिसऱ्या दिवशी चारा संपला तेव्हा आईनं घोडीवर बिऱ्हाड लादलं. बाला एकट्याला ठेवून कसं जायचं, मी विचारलं. "मेंढरं उपाशी हायत," ती म्हणाली आणि चालायला लागली.

तिथल्या ग्रामपंचायतीनं नोंद आढळत नसल्याचा कागद लगेच दिला. पुढं प्रतिज्ञापत्र, तहसीलला अर्ज, पंचनामा. तारीख पाहिजे होती. साल माझ्या इयत्तेवरून निघालं. आईला तारीख येत नव्हती, चंद्र येत होता: कार्तिकी पुनवेचा दुसरा दिवस. तहसीलमधल्या बाईंनी मोबाईलवर जुनं पंचांग उघडून तो दिवस काढला. आता अडलं होतं एकाच गोष्टीवर. तुला मेलेला बघितलेला, तुला मातीत ठेवलेला असा त्या गावचा एक माणूस पंचनाम्यावर सही करायला हवा होता आणि त्यांतला तात्या तेवढाच उरलाय. तात्या तयार होईना.

"बाई, माझं ऐका," तो मला म्हणाला. "मी काई कुणाला सांगितलं न्हाई बाबा गुप्त झाला म्हणून. माझी गाय पडलती, मी हितं नवस बोललो, गाय उठली. मग लोकंच यायला लागली, लोकांनीच गोष्ट केली. मी गप ऱ्हायलो. आता सायबापुढं लिहून देऊ, बाबा मेला म्हणून? अन् उद्या गावात जनावरांची साथ आली तर? कशापायी मला ह्यात घालता?" मी कायदा सांगायला लागले, अगदी बसमध्ये सांगते तशा आवाजात. त्याचा उलटाच परिणाम झाला. आम्ही त्या दिवशी हात हलवत परत आलो. मला रात्रभर त्या पत्र्याला लावलेल्या दगडाचा आवाज ऐकू येत होता.

पंचनाम्याच्या दिवशी तिथले तलाठी, ग्रामसेवक आणि चार माणसं बाभळीखाली जमली. तात्या आला, पण लांब बसला. तेव्हा आईच त्याच्याकडं गेली आणि त्याच्यासमोर बसली. मी दगडापाशी होते, तिथून ऐकू येत होतं. "तात्या, तुमचा बाबा तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "आमी दगडाला हात लावणार न्हाई, गावात शब्द काढणार न्हाई. माझा नवरा तेवढा मेला म्हणून लिहून द्या." तात्या जमिनीकडं बघत होता. आई म्हणाली, "तुमीच त्याला धोतर दिलं. देवाला कुणी आपलं धोतर नेसवत न्हाई, माणसालाच नेसवतं." तलाठ्यानं दोनदा घड्याळ बघितलं. मग म्हातारा उठला, गुडघ्यावर हात ठेवून, हळू. "पाय मीच धरलते," तो म्हणाला. "लई हलका व्हता." आणि त्यानं सही केली, एकेक अक्षर जोडत. कागद परत देताना त्यानं विचारलं, "नाव काय व्हतं त्याचं?" इतकी वर्षं तुझी पूजा करून त्याला तुझं नाव माहीत नव्हतं. आई नाव घेईना, माझ्याकडं बघायला लागली. मी सांगितलं. त्यानं ते दोन-तीनदा पुटपुटलं आणि दगडाकडं बघून मान हलवली. मला तेव्हा रडू आलं. पंचनाम्यात कुणी रडत नसतं, म्हणून मी पाणी प्यायला गेले.

तर असा तो दाखला. जागा आईच्या नावावर झाली, मार्चच्या आत. परवा पाया खणला. भिंती नाहीत, दार नाही, पण आईनं बाजारातून कडी आणून ठेवलीय, चांगली जाड, आणि ती उशाला घेऊन निजते. गवंड्याला रोज विचारते, दार कोणच्या अंगाला उघडणार. तुझा दाखला तिनं हातात घेतला, उलटा-सुलटा बघितला आणि म्हणाली, "एवढ्याचसाठी?" मग घडी घालून कडीजवळ ठेवला.

एक गोष्ट तिला सांगितलेली नाही. आई तात्यासमोर बसली होती आणि तो मान वर करत नव्हता, तेव्हा मी दगडाला हात लावून मनात बोलले होते: बा, म्हातारा सही करू दे, तुला नारळ फोडीन. तू मेलास हे लिहून मिळावं म्हणून मी तुलाच नवस बोलले. नारळ त्याच आठवड्यात आणला. धान्याच्या डब्यामागं ठेवलाय, हलवला की आतलं पाणी आता कमी वाजतं. सासू विचारते, कशाला आणलाय, मी म्हणते चटणीला. रजा येते, त्या बाजूची बस समोरून सुटते आणि मी चढत नाही. तिथं जाऊन फोडला तर मी पण त्या गावातली एक बाई होईन, बाबाच्या दारी आलेली. मला अजून तू बा म्हणून पाहिजेस.