बिनहाडांचा सोफा

क्वाराता, ३ फेब्रुवारी १९६८

तीर्थरूप दुइलिओकाकांस,
फोस्काचा शि. सा. न. वि. वि.

खोकला कसा आहे? औषध घेत नसणारच, म्हणून विचारते. माझं आणि इवानोचं लग्न सत्तावीस एप्रिलला नक्की झालं. बाबा नाहीत, तेव्हा चर्चमध्ये माझा हात धरून वेदीपर्यंत नेणारे तुम्हीच, हे वेगळं सांगायला नको.

आता रागावू नका. तुम्ही माझ्यासाठी करताय तो अक्रोडाचा कोरीव सोफा मला नको. कारखान्यात सध्या मी एका नव्याच सोफ्याची कव्हरं शिवते. फ्लॉरेन्सची दाढीवाली पोरं त्याचं चित्र घेऊन आली होती. फोमचा एक मोठा ठोकळा तापलेल्या तारेने मधोमध नागमोडी कापायचा, की झाले दोन तुकडे. ना पाय, ना सांगाडा. वर पांढरं चकचकीत रेक्झिन. तुकडे एकमेकांवर ठेवा, उभे करा, आडवे टाका. कधी सोफा, कधी पलंग. नाव सुपरओंदा, म्हणजे महालाट. पहिला नमुना मालकांनी मला लग्नाची भेट म्हणून दिला. इवानो मदतीला येईपर्यंत मी एकटीने दोन्ही तुकडे नव्या घरात नेऊनही ठेवले! बिचारा बाह्या सरसावून नुसताच उभा राहिला.

आमच्या घरात कुलूपबंद बैठकीची खोली नसेल. राग थोडा कमी करा, माया आहे तेवढीच ठेवा.

तुमची,
फोस्का

काशिना, १० फेब्रुवारी १९६८

चि. फोस्का हिस,
अनेक आशीर्वाद. चिडलोय, पण आशीर्वाद आखडता घेत नाही.

खोकला ठीक आहे. डोकं ठीक नाही. चाळीस वर्षं मी सोफ्यांचे सांगाडे करतोय. माणूस कापडावर बसतो, पण त्याला पेलतं लाकूड. तुझं ते धूड म्हणजे हाडं काढलेली कोंबडी आहे! तुझ्या होणाऱ्या सासूबाईंनी, आर्जियाबाईंनी, मला चार पानी पत्र लिहिलंय. घरात कुलूपबंद बैठक नसेल, तर ईस्टरला पाद्री घराला आशीर्वाद द्यायला आले की त्यांना त्या स्पंजावर लोळवायचं का, असं विचारतात. बाईंचं म्हणणं मला आयुष्यात पहिल्यांदा पटलं.

अक्रोडाच्या पायांवर द्राक्षाचे वेल कोरून झालेत. तेव्हा काय ते ठरव. घरात तो स्पंज राहिला, तर चर्चमध्ये मी येणार नाही.

शहाणी हो, आणि मग पत्र लिही.

काका

क्वाराता, १८ फेब्रुवारी १९६८

ती. काकांस,
शि. सा. नमस्कार.

मग एकटी चालत जाईन. वीस पावलांचं तर अंतर आहे.

आपल्या घरची ती बैठक आठवते ना? वर्षभर कुलूप, सोफ्यावर चादर. मला त्यावर बसू दिलं ते एकदाच. नऊ वर्षांची होते, बाबा गेल्यावर त्यांना तिथे ठेवलं होतं त्या दिवशी. बाबा स्वतः त्यावर कधी टेकले नाहीत. कामावरून आले की स्वयंपाकघरात स्टुलावर बसून पाय चोळायचे. ज्या खोलीत शिरायला माणसाला मरावं लागतं, ती मला माझ्या घरात नको. आणि पाद्री लोळले तर लोळू देत, त्यांचेही पाय दुखत असतील.

एकदा येऊन बसून तर बघा. मी कामावर असले तर किल्ली शेजारच्या नेल्लाकडे असते. न बसताच नावं ठेवू नका.

तुमच्याइतकीच हट्टी,
फोस्का

काशिना, ८ मार्च १९६८

चि. फोस्का हिस आशीर्वाद.

बुधवारी येऊन गेलो. नेल्लाने किल्ली दिली. बसून पाहिलं. मग तुमच्या गल्लीतल्या सुताराकडून पक्कं लाकूड आणलं, शिवण उसवली, दोन्ही तुकड्यांत सांगाडा ठोकला आणि परत शिवून टाकलं. टाके तुझ्याइतके बारीक नाहीत, चालवून घे. आता त्याला कणा आहे, आता तो सोफा आहे. चर्चमध्ये यायला माझी हरकत नाही. आर्जियाबाईंनाही तसं कळवलंय.

आभार मानत बसू नकोस.

तुझा काका

क्वाराता, ११ मार्च १९६८

ती. काकांस नमस्कार.

आभार मानत नाहीच. ते दोन्ही तुकडे एकाच ठोकळ्यातून निघालेत. एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खोलगटात बसतो. तुमच्या लाकडाने ते फुगले, एकात एक जाईनात. हलवायला इवानो आणि नेल्लाचा नवरा दोघं लागले. काल दिवसभर बसून मी सगळं उसवलं आणि तुमचे खिळे एकेक करून उपटले. फोमला भोकं पडलीत, ती आता तशीच राहणार. सांगाडे रेल्वेने परत पाठवतेय. लाकूड चांगलं आहे, त्याचा काय दोष?

दुसऱ्याच्या कामाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हे मला तुम्हीच शिकवलंत. आणि माझंच काम तुम्ही उसवलंत. फार लागलं मला, काका. सत्तावीस तारखेला मी एकटीच चालेन. आता तुम्ही हात पुढे केलात तरीही.

फोस्का

काशिना, १९ एप्रिल १९६८

चि. फोस्का हिस,
मनापासून आशीर्वाद.

सांगाडे पोचले. उत्तराला महिन्याहून जास्त लागला, कारण खरं लिहायचं होतं. त्या बुधवारी मी तुझ्या त्या लाटेवर नुसता बसलो नव्हतो. तासभर गाढ झोपलो. उठलो तर पाठ दुखत नव्हती. भीती वाटली गं पोरी. हाडांशिवाय इतकं सुख मिळत असेल, तर मी जन्मभर केलं काय? म्हणून खिळे ठोकले. चुकलो.

आर्जियाबाईंना कळवलंय की कुलूपबंद बैठक एवढी प्यारी असेल तर स्वतःच्याच बैठकीत आतून कडी लावून बसा. आता त्या माझ्याशीही बोलत नाहीत. बरंच झालं.

सत्तावीसला मी येतोय. हात पुढे करणार नाही. तू एकटीच चाल, सावकाश, मान वर करून. मी पहिल्या बाकावर असेन. पोरीला असं एकटीला कसं सोडलंत, असं कुणी कुजबुजलं, तर वळून मोठ्याने सांगेन, हिला मी वाढवलंय, ही अशीच चालते.

तुझा,
दुइलिओकाका