पुलावरची रेंज

२ फेब्रुवारी, रविवार. नागपूर

— आणि तरी बायकोचं, वर्षाचं, तेच! हायवेला बसून गाड्या मोजायच्या, हे काम कसलं, म्हणे. लग्नाला दोन वर्षं झाली, तिला अजून पटत नाही. किती वेळा सांगितलं, नुसत्या मोजत नाही. कुठल्या ट्रकला किती चाकं, दोन गाड्यांत अंतर किती, सगळं लिहितो. आमच्या ऑफिसातल्या इंजिनियर हर्षदा मॅडम ते कॉम्प्युटरात भरतात. पडद्यावर पूल असतो, त्यावरून माझ्याच गाड्या धावतात. पूल कुठं दबतो ते दिसतं.

"मंग आपल्या पाड्याचा पूल बसव की त्यात. खडीचे डंपर चालू झालेत," म्हणाली.

टोमणा मारते. पण आवाज गोड आहे, काय करू.

४ फेब्रुवारी

कालच मॅडमना विचारलं. हसतील वाटलं, हसल्या नाहीत. धाकट्या भावाने, रूपेशने, दोरीने मापं घेतली, नेटसाठी खोडाळ्याच्या बाजाराला जाऊन फोटो पाठवले. मॅडमनी पूल बसवला, वरून डंपर सोडले, जीप सोडल्या. सगळं हिरवं, म्हणजे पूल पास! पुलावर गाड्या थांबतात का, विचारलं त्यांनी. मी म्हटलं, पुलावर कोण कशाला थांबेल.

५ फेब्रुवारी

नेहमीसारखा संध्याकाळी सहाला वर्षाला फोन केला. पूल पास झाला म्हणून सांगतोय, तर तिच्या मागे डंपरचं इंजिन घुरघुरतंय. त्याचा ड्रायव्हर कुणाला तरी हिंदीत विचारतोय, पोराचा ताप उतरला का. त्याच्यामागे अजून एक डंपर. मग जीप, माणसांनी भरलेली.

आमच्याकडे रेंज फक्त पुलावर येते. सगळे तिथंच थांबतात. रोज बायकोला तिथं उभी करणारा मी, आणि मलाच सुचू नये!

तिथून बाजूला हो, म्हटलं.

"मंग उभी कुठं राहू? घरात एक दांडी येत नाय."

६ फेब्रुवारी

मॅडमना सांगितलं, तशा त्यांनी पडद्यावरच्या पुलावर गाड्या चिकटून उभ्या केल्या. मधला भाग लाल. हा अंदाज आहे, म्हणाल्या, सरकारी इंजिनियरने जाऊन तपासायला पाहिजे. तोवर एका वेळी एकच गाडी.

वर्षाला सगळं सांगितलं. पुलावर येऊ नको, ड्रायव्हर लोकांनाही सांग. मग म्हणाली, "म्हंजे फोन बी नाय."

९ फेब्रुवारी

सहा वाजले की हात फोनकडे जातो. लागत नाही. मीच नको म्हटलं, आणि मलाच राग येतो.

११ फेब्रुवारी

रूपेशचा खोडाळ्याहून फोन. वहिनी पुलाच्या तोंडाशी लुगडं आडवं बांधून उभी राहते, म्हणाला. एक गाडी पार झाली की दुसरी सोडते. शेजारची पुतळी मावशी पलीकडल्या टोकाला. ड्रायव्हर शिव्या देतात. काल एकाने डंपर लुगड्याला टेकवला, ही हलली नाही.

"त्याला काय बोलली माहित हाय का, दादा? माझा नवरा नागपूरला याच कामाला हाय, तुला जास्त कळतंय का?"

जेवलो नाही. पोट भरलेलं होतं.

१२ फेब्रुवारी

मॅडमनी पडद्यावरच्या लाल पुलाचे कागद काढून दिले. अर्ज गावच्या माणसाने द्यावा लागतो, सरकारी इंजिनियर साहेबाला पुलाखाली नेऊन दाखवावं लागतं. सुट्टी मागितली, मुकादम नाही म्हणाला. काम सोडलं. गावाकडे जायला उद्याची गाडी धरतोय. झालेल्या दिवसांचे पैसे मिळाले, त्यातले तिकिटाचे ठेवून बाकीचे, प्रवासात जवळ नकोत म्हणून, आजच रूपेशच्या फोनवर पाठवतोय — तीन हजार दोनशे.