शेवटचं पाऊण मिनिट

३ मार्च
आजपासून रोजनिशी. पुढे आत्मचरित्राला उपयोगी पडेल.
आमच्या क्राइम मालिकेत खून, तपास, अटक हे सगळं बाकीचे नट करतात. शेवटच्या पाऊण मिनिटात निळा कोट घालून मी येतो आणि प्रेक्षकांना बोध देतो. म्हणजे मालिका माझीच. बोध काढला तर उरतं काय? घरबसल्या खुनाचे क्लासेस.
नवा खुनी आलाय, आता दर भागात खून हाच करणार. दिसायला बरा आहे, पण डोळ्यांत काही नाही. टिकणार नाही.

५ मार्च
स्टुडिओच्या गेटवर कॉलेजच्या मुली. मी केस नीट केले, हसलो. त्यांनी माझ्या हातात मोबाइल दिला आणि खुन्याबरोबर त्यांचा फोटो काढायला लावला. एकीचे डोळे मिटले म्हणून पुन्हा काढायला लावला. कुठे चाललाय समाज!
मी जळतोय वगैरे अजिबात नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे.

६ मार्च, सकाळी
मेकअपवाल्याला बाजूला घेतलं. म्हटलं, खुनी हा खुनी दिसला पाहिजे, गालावर चांगला व्रण काढ. समाजाच्या भल्यासाठी.

६ मार्च, संध्याकाळी
व्रण त्याला शोभतो. फोटो पाहून बायकोसुद्धा म्हणाली.

१० मार्च
भाग लागला. सगळं घर टीव्हीसमोर. खून होताना सासूबाईंनी पदर तोंडात धरला होता. मी पडद्यावर आलो आणि बायको दूध तापवायला उठली. सासूबाई चष्मा पुसायला लागल्या. धाकटीने आवाज बारीक केला.
मी रागावलो. म्हटलं, बोध कोण ऐकणार? बायको आतून म्हणाली, अहो, तो तर घरात दिवसभर चालूच असतो. वर मलाच विचारते, त्या खुन्याला आई आहे का हो?
पोटात आग पडली. ॲसिडिटी असणार.

१३ मार्च
कॅन्टीनमध्ये खुन्याशी वैचारिक चर्चा. मी म्हणालो, क्राइम मालिकेने संस्कार केलेच पाहिजेत. तो म्हणाला, दादा, उपदेशाने कोण सुधारलंय? माणूस असा का वागला, एवढं नीट दाखवलं तरी पुष्कळ झालं.
मी सडेतोड उत्तर दिलं. मनात. तोंडात सँडविच होतं.
आणि दादा कोणाला म्हणतो? असेल माझ्याहून थोडाफार लहान.

१७ मार्च
मीटिंग. चॅनेलच्या बाई म्हणाल्या, बोध सुरू झाला की लोक चॅनेल बदलतात, तेव्हा बोध काढूनच टाकू. माझं पाऊण मिनिट! मी ताडकन उभा राहिलो. असा बोललो, असा बोललो की चहावाला दारातच थांबला. म्हटलं, बोध राहिलाच पाहिजे. आणि मग हुकमाचं पान टाकलं. म्हटलं, एकदा त्या खुन्यालाच कोठडीत बसवा आणि त्याच्या तोंडून बोध वदवून घ्या. सगळ्यांसमोर माफी मागू दे, नाक घासू दे.
सगळ्यांनी माना डोलावल्या. मग टाळ्या. दिग्दर्शकाने मिठी मारली.
आता बघतो, रडक्या माणसाबरोबर कोण फोटो काढतंय.

२४ मार्च
कोठडीचा भाग लागला. तो रडला नाही. माफीही मागितली नाही. कोठडीत भिंतीला टेकून बसला आणि ज्याला मारलं त्या मित्राबद्दल बोलत राहिला. म्हणाला, त्याला मला काहीतरी सांगायचं होतं, मी सांगू दिलं नाही. बस, एवढंच.
सासूबाई हमसून हमसून रडल्या. दूध उतू गेलं तरी कोणी उठलं नाही. बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, बोध असावा तर असा.
मी जेवलो नाही. ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

२६ मार्च
दिग्दर्शकाचा फोन. यापुढे बोध दर वेळी खुनीच देणार. कल्पना माझी, म्हणून माझे मनापासून आभार. निळा कोट कपडेपटात जमा करायचा. पण मला सोडणार नाहीत. पुढच्या भागात अशी भूमिका आहे की सगळी गोष्ट माझ्याभोवती फिरते.
वाटलंच होतं. माझ्यावाचून अडतंच त्यांचं.

२८ मार्च
भूमिका प्रेताची आहे.
गोष्ट माझ्याभोवती फिरते हे मात्र खरं. शिवाय न हलता पडून राहणं कसलेल्या नटाचंच काम. आरशासमोर तालीम केली, पण डोळे मिटल्यामुळे नीट दिसलं नाही.

३१ मार्च
शूटिंग. फरशी बर्फासारखी गार. मी खुन्याचा थोरला भाऊ, आणि मेलेला. तो माझ्या उशाशी बसून बोलायला लागला. ऐकायचंच नाही असं मी ठरवलं होतं. तो हळूच म्हणाला, हा माझ्या पुढे गेला म्हणून मी याला संपवलं, तरी मी होतो तिथेच आहे.
माझ्या तोंडून ‘वा!’ निघून गेलं. चांगलं मोठ्याने.
कट. सगळं युनिट पोट धरून हसलं. दुसऱ्या टेकला ‘वा’ आवरलं, पण डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दिग्दर्शक ओरडला, अरे, प्रेत रडतंय! शेवटी माझ्या तोंडावर चादर टाकली. मग टेक ओके झाला.
इतकी वर्षं मी बोध दिले, कोणाच्या डोळ्यांत पाणी आल्याचं आठवत नाही.
घरी आल्यावर बायकोने विचारलं, कसं झालं काम? म्हणालो, छान बोलला तो. ती म्हणाली, आणि तुम्ही?
मी चादरीखाली होतो, म्हटलं.