बोटीच्या कागदातली चाळीस मिनिटं

४ फेब्रुवारी

वही काढावी लागली ती कप्तानाच्या मुलीमुळे. सकाळी दारात उभी राहिली. आत ये म्हटलं तरी आली नाही. "बाई, पान एकवीस खोटं आहे. माझे वडील चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. छापायच्या आत बदला." एवढं बोलून जिना उतरून गेली. चौतीस वर्षं वर्गात उभी राहिले, माझ्या लिखाणाला खोटं कुणी म्हटलं नव्हतं!

भावाशी बोलायची सोय नाही, तो मंडळाचा चिटणीस. म्हणून इथे.

नीट मांडून ठेवते. किनाऱ्याची रेल्वे या महिनाअखेर बंद होणार. बेटावर पूल झालाय, म्हणून त्याच दिवसापासून बोटीही बंद होणार. मंडळ रेल्वेच्या इतिहासाची पुस्तिका काढतंय आणि लिहायचं काम माझ्याकडे, कारण मी भूगोल शिकवला आणि आमचे बाबा धक्का स्टेशनचे मास्तर होते. "अर्धा इतिहास तुमच्या घरातच आहे," असं अध्यक्ष म्हणाले. कच्ची प्रत मंडळाने सगळ्यांना वाचायला ठेवलीय, तिच्यात पान एकवीसवर त्रेचाळीस वर्षांपूर्वीचा अपघात आहे. 'कप्तानाच्या हिशेबातील चुकीमुळे बोट वाळूच्या दांड्यावर चढली व तीन उतारूंचा मृत्यू झाला.' चौकशीच्या अहवालातलं वाक्य. मी ते जसंच्या तसं उतरवलं, तपासलं नाही. मुलांच्या वहीत असं दिसलं असतं तर लाल रेघ ओढली असती.

५ फेब्रुवारी

पहिली वीस पानं मंडळाला फार आवडली म्हणे. आवडणारच, त्यात कुणाचं काही दुखत नाही. रुळांसाठी समुद्रात बांध घातला तो तीनदा वाहून गेला. दगड टाकले की चिखल गिळायचा. शेवटी कुणा मुकादमाने फांद्यांच्या मोळ्या बांधून खाली अंथरल्या आणि त्यावर दगड ठरला. इंजिनिअरचं नाव दगडी पाटीवर आहे, मुकादमाचं कुठेच नाही. मी त्याच्यासाठी अर्धं पान दिलंय. भाऊ म्हणाला, "ताई, मुकादमाला अर्धं पान आणि मंत्र्यांना दोन ओळी?" म्हटलं, मंत्र्यांनी एकही मोळी बांधली नाही.

तिकीट एकच असायचं. गाडीचं आणि बोटीचं, मधे भोकांची रेघ. अर्धं गार्ड फाडायचा, अर्धं बोटीवरचा माणूस. आणि नियम असा की बोटीची माणसं गाडीत बसल्याशिवाय गाडी हलायची नाही. शहरातले लोक चिडायचे. बाबा म्हणायचे, "समुद्राला वेळापत्रक पाठवलंय, अजून पोच आली नाही."

७ फेब्रुवारी

चाळीस मिनिटांचं प्रकरण लिहून काढते. लिहिलं की डोकं साफ होतं.

धक्क्यासमोर वाळूचा दांडा. भरतीलाच त्यावरून बोट जाते. भरतीच्या वेळांचं छापील कोष्टक यायचं, पण ते मोठ्या बंदराचं. आमच्याकडे भरती चाळीस मिनिटं उशिरा. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, सगळ्यांना ठाऊक होतं. दर पंधरा दिवसांनी स्टेशनात कोष्टकाच्या दोन नकला व्हायच्या. एक भिंतीवर, एक कप्तानाला. वेळा छापील, चाळीस ज्याचे त्याने मनात मिळवायचे.

अपघात नव्या कागदाच्या पहिल्याच दिवशी झाला. दाट धुकं होतं, उधाणाची भरती होऊन पाणी झपाट्याने उतरत होतं. बोट चाळीस मिनिटं उशिरा आली, दांड्यावर बसली, कलंडली. किनारा जवळ आहे असं वाटून काही जणांनी उड्या टाकल्या. धुक्यात ते किनाऱ्याकडे गेलेच नाहीत.

चाळीस. बरोबर चाळीस. माणूस चुकला तर तीस चुकेल, पन्नास चुकेल.

९ फेब्रुवारी

बेटावर गेले. बोटीत सात माणसं आणि एक कपाट.

कप्तानांची खोली आरशासारखी स्वच्छ. खिडकीतून नवा पूल दिसतो. खुर्ची मुद्दाम त्याच्याकडे पाठ करून ठेवलीय. मला बघून म्हणाले, "मास्तरांची थोरली ना तू? उंची तेवढीच राहिली."

मी सरळ विचारलं. त्यांनीही सरळ सांगितलं. "त्या कागदात चाळीस आधीच मिळवलेले होते. मी नेहमीसारखे मिळवले. ऐंशी झाले. चौकशीत सांगितलं. ते म्हणाले, कागद दाखवा. कागद बोटीबरोबर गेला. भिंतीवरची नक्कल आणली, तिच्यात वेळा छापील. मग मी खोटारडा ठरलो."

"बाबांनी काय सांगितलं?"

"मास्तर काही बोलले नाहीत. खाली बघत होते."

परवाना गेला. नंतर वीस वर्षं त्याच धक्क्यावर दोर गुंडाळले त्यांनी, दुसऱ्याच्या बोटींचे. मुलगी चहा ठेवून म्हणाली, "बाबा झोपेतसुद्धा बेरीज करतात." ते तिच्यावर खेकसले, "बेरीज येते मला! तेच तर सांगतोय!"

निघताना म्हणाले, "मला भरपाई नको, सत्कार नको. वेळा बरोबर मिळवल्या होत्या एवढं छापा."

१० फेब्रुवारी

म्हातारा खोटं बोलत असेल. त्रेचाळीस वर्षांत माणूस स्वतःलाच पटवून देतो. तरी तपासणार.

१२ फेब्रुवारी

रेल्वेच्या जुन्या दप्तरखान्यात दोन दिवस घालवले. कारकुनाने आधी कुरकुर केली, मग ओळखलं. माझाच विद्यार्थी, नकाशात नदी उलटी वाहवणारा. शिडी धरून उभा राहिला बिचारा.

अहवालाच्या पुठ्ठ्यात मागे एक चिठ्ठी चिकटलेली होती. बोट ओढून काढली तेव्हाच्या वस्तूंची पोच. कंदील दोन, दोर, घंटा, 'वेळांचा कागद एक, पत्र्याच्या नळीत, ओला'. खाली ताबा घेणाऱ्याची सही.

बाबांची सही. वळणदार, ठाम.

कागद बुडाला नव्हता.

१३ फेब्रुवारी

भावाकडे गेले. बाबांची लोखंडी पेटी त्याच्या माळ्यावर आहे. चावी मागितली.

"कशाला?"

पोचेची नक्कल पुढे ठेवली. त्याने वाचली नाही. न वाचता परत दिली, हे माझ्या लक्षात आलं.

"ताई, धक्का स्टेशनातल्या दालनाला बाबांचं नाव देतोय आपण. पाटी रंगून आलीय. मेलेल्या माणसाला साक्षीला बोलावणार तू?"

"जिवंत माणूस पुलाकडे पाठ करून बसलाय, त्याचं काय?"

"तुझ्या भल्याचं सांगतोय. ती पेटी उघडू नकोस."

"माझं भलं साठ वर्षं मीच बघतेय. चावी!"

"आणि सगळे कागद काय बाबाच लिहायचे?"

"मग कोण, इंजिन लिहायचं?"

यावर तो उठला आणि झाडांना पाणी घालायला गेला. भरदुपारी! भावजय म्हणाली, "वन्सं, चार घास खाऊन जा, भांडण कुठे पळून जात नाही." जेवले नाही.

१४ फेब्रुवारी

पान एकवीस पुन्हा लिहिलं. 'कप्तानांना दिलेल्या कागदात वेळा स्टेशनमास्तरांनी आधीच वाढवल्या होत्या. कागद हाती आल्यावर त्यांनी तो चौकशीपुढे ठेवला नाही.' दोन वाक्यं. बाप म्हणून सूट दिली नाही.

पण पेटीतला कागद बघितल्याशिवाय छापायला देणार नाही. एकदा न तपासता लिहून झालंय.

१५ फेब्रुवारी

भाऊ फोन उचलत नाही. छापखान्याची मुदत वीसची.

१७ फेब्रुवारी

गेले आणि त्याच्या दारातल्या पायरीवर बसले. मागे कधी तरी शाळेच्या अनुदानासाठी शिक्षणाधिकाऱ्याच्या दारात अशीच बसले होते, तो तिसऱ्या तासाला विरघळला. भावाला पाऊण तास पुरला. शेजारी विचारू लागले ना!

पेटी स्वतः रिक्षात ठेवून दिली. वर चावी. म्हणाला, "मी पंधरा वर्षांचा होतो. बाबांनी मला शपथ घातली होती. ती मी पाळली, एवढं लक्षात ठेव."

कसली शपथ, ते सांगेना. डोळे पुसत आत गेला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस.

१८ फेब्रुवारी

पेटी उघडली. कागद आहे. आज लिहीत नाही.

२० फेब्रुवारी

अक्षर बाबांचं नाही. माझं आहे.

कॉलेजातून सुट्टीला आले होते. नकला मीच करायची तेव्हा. चाळीस मिनिटं डोक्यात ठेवायची पद्धत मला अडाणीपणाची वाटली. भिंतीवरची नक्कल छापील ठेवली, कारण बाबा रोज बघायचे. कप्तानांच्या कागदात मात्र मिळवून टाकले, त्यांचं काम वाचेल म्हणून. कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने परत गेले. पुढच्या सुट्टीत बाबांनी नकला करायला दिल्या नाहीत. "अभ्यास कर," म्हणाले. मी विचारलं नाही का.

'मला आठवत नव्हतं' असं आधी लिहिलं होतं, खोडलं. आठवायची वेळ मी कधी येऊच दिली नाही.

सकाळच्या बोटीने गेले. कप्तानांनी कागद खिडकीशी नेला. पहिल्या ओळीवर बोट ठेवून ओठ हलवत बेरीज केली. मग मुलीला म्हणाले, "बघ. मी बरोबर मिळवले होते." माझ्याकडे बघितलं नाही.

कप्तानांच्या हाती दिलं — भरतीच्या वेळांचा कागद, एक, घडीवर फाटलेला. पान एकवीस, तिसऱ्यांदा लिहिलेलं, त्यात माझं पूर्ण नाव. तेच पान छापखान्यात साडेतीन वाजता.

पोच मागितली नाही.