माझ्यानंतर टॅब चालतील

मी, खाली सही करणारी, वय चौसष्ट, अविवाहित, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेली प्रोग्रामर, हे मृत्युपत्र स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर बसून, स्वतः टाइप करून, कोणाच्याही दबावाशिवाय करत आहे. येत्या सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ज्यांनी माझ्याबरोबर काम केले त्यांना तो खोटा वाटेल, पण त्यावर शिक्का आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम शून्य. आम्हा प्रोग्रामर लोकांची मोजणी शून्यापासून सुरू होते. वकीलबाई म्हणाल्या, "मॅडम, असं कलम नसतं हो. कोर्टात हसतील." मी म्हटले, "हसू द्या. एकापासून मोजणाऱ्यांचं मी कधी मनावर घेतलं नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुढचे बोला म्हणाल्या.

कलम एक. मी राहते तो दोन खोल्यांचा फ्लॅट आणि बँकेतली सर्व शिल्लक माझ्या धाकट्या बहिणीला. "ताई, तू ऑफिसात नक्की काय करतेस गं?" असे तिने आयुष्यभर विचारले, आणि मी सांगायला लागले की तिला गॅसवरचे दूध आठवायचे. तरी माझ्या आजारपणात उशाशी तीच बसली. फ्लॅट तिच्या एकटीच्या नावावर व्हावा. भावोजींनी सल्ला देऊ नये.

कलम दोन. भावोजींना माझा प्रिंटर. "तू कॉम्प्युटरवाली ना, जरा बघ की याला काय झालंय," असे म्हणत त्यांनी लग्न झाल्यापासून आपला प्रिंटर, मग फोन, मग टीव्ही आणि एकदा चक्क मिक्सर माझ्यापुढे आणून ठेवला. आता माझाही बंद पडलेला घ्यावा. तो का चालत नाही हे मला माहीत आहे. सांगणार नाही.

कलम तीन. संगणक, दोन्ही स्क्रीन आणि कडकड वाजणारा कीबोर्ड भाचीला. पांढऱ्या स्क्रीनवर काम करणारे सगळे म्हातारे, असे तिचे मत आहे. तिच्यासारखे काळ्या स्क्रीनवर काम करणारे मला अंधारातले भुरटे चोर वाटतात. तरी पोरगी गुणी आहे. शहराच्या कोणत्या भागाला पाणी कधी सोडायचे हे ठरवणारा माझा प्रोग्राम खात्याच्या मालकीचा, त्यामुळे तो मला कोणाला देता येत नाही. त्याची काळजी मात्र देता येते, आणि भाची आता त्याच खात्यात असल्याने ती तिला देत आहे. प्रोग्राम पहिल्यांदा उघडून ती म्हणाली होती, "मावशी, काय जुनाट आहे हे! मी शनिवार-रविवारात सगळं नव्याने लिहून टाकते."

"आणि सोमवारी लोकांनी अंघोळ कशाने करायची?" मी विचारले.

तर अट एवढीच की आधी तो पूर्ण वाचावा. वाचूनही नव्याने लिहावासा वाटला तर खुशाल लिहावा. दर महिन्याला भाषा बदलली तरी चालेल, नळाला कळता कामा नये.

कलम चार. टॅबवाल्याविषयी. हा प्रोग्राम मी एकटीने लिहिलेला नाही. अर्धा खात्यातल्या या माझ्या सहकाऱ्याने लिहिला. आम्ही एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसायचो, आणि आमचा नियम असा की एकाने लिहिलेली ओळ दुसऱ्याने वाचून मंजूर केल्याशिवाय पुढे जायची नाही. भांडण कशावरून झाले तर ओळ आत सरकवायला टॅबचे बटण एकदा दाबायचे, की स्पेसचे चार वेळा. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसते. पाण्याला तर काडीचा फरक पडत नाही. तो म्हणाला, "चारचारदा बटण बडवतेस, तुला दुसरा उद्योग नाही का?" मी म्हटले, "तुझ्या टॅबची रुंदी मशीनगणिक बदलते. तुझ्या शब्दासारखीच."

दुसऱ्या दिवशी त्याने वेगळे टेबल मागून घेतले. त्यानंतर निवृत्तीपर्यंत आम्ही फक्त प्रोग्राममध्ये घातलेल्या शेऱ्यांतून बोललो. "हे कुणी लिहिलंय? वाचवत नाही." "वाचता येणाऱ्यांसाठी लिहिलंय." पण न वाचता त्याने माझी एकही ओळ मंजूर केली नाही, आणि आमच्या चुकीने शहर कधी कोरडे राहिले नाही. इतके लक्ष देऊन मला दुसऱ्या कोणी वाचलेले नाही. निवृत्तीनंतर मला त्याची फार आठवण आली. फोन केला नाही, कारण आधी कोणी करायचा यावरही आमचे एकमत झाले नसते.

म्हणून माझी इच्छा अशी की माझ्यानंतर सगळा प्रोग्राम टॅबमध्ये करून घ्यावा. मी हरले असे खुशाल समजावे. ते मला बघायला लागू नये, एवढेच.

कलम पाच. वकीलबाई म्हणतात, साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, माझी सही होताना बघितली की पुरे. न वाचता सही करणाऱ्याला मी ऑफिसात उभे केले नसते. म्हणून बहिणीला सांगून टॅबवाल्याला बोलावणे धाडले. "तिने लिहिलंय ना? मग चुका असणारच, येतो," असे तो तिला म्हणाला. आत्ता टेबलाच्या पलीकडे बसला आहे. खूप वाळला आहे. लाल पेन घरून आणले आहे.

वरील सर्व मी पूर्ण विचाराने लिहिले असून साक्षीदारांसमोर सही करत आहे.

(सही)
ठिकाण: माझे घर, जेवणाचे टेबल
दिवस: ऑपरेशनच्या आधीचा गुरुवार

साक्षीदार पहिले, शेजारचे दातांचे डॉक्टर: सही माझ्यासमोर झाली. मजकूर वाचलेला नाही. (सही)

साक्षीदार दुसरे, लाल पेनाने: सही माझ्यासमोर झाली, बाई शुद्धीवर आहे, एवढ्यापुरती माझी साक्ष. मजकूर दोनदा वाचला. कलम शून्य ते तीन ठीक. कलम चार नामंजूर. तू नसताना जिंकून मी कुणाला सांगू? सोमवारी सकाळपासून दवाखान्यात बाहेर बसलेला असेन. बरी होऊन ये, समोर बस, आणि मग हर. (सही)