भाऊबीजेचं टेबल

पेण
६ ऑक्टोबर २०२४

ती. ताईस,
हरेशचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र बघून दचकू नको. परवा फोनवर तू तीनदा काय म्हणालास म्हणून विचारलंस आणि चौथ्यांदा नुसती रडलीस, तेव्हाच ठरवलं की आता कागदच बरा. उभ्या जन्मात पेणच्या एसटी स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारल्या, आणि आता सख्ख्या बहिणीला माझं बोलणं कळत नाय. मोबाईलवर टाइप करायला गेलो तर 'ताई'चं 'ताट' होतं.

आता मुद्द्याचं. अर्धी जीभ ठेवता येईल असं मुंबईचे डॉक्टर म्हणत होते ना, ते नव्या स्कॅननंतर बदललं. पूर्ण काढणार. ऑपरेशन सहा नोव्हेंबरला. त्यानंतर बोलणं नाही आणि तोंडाने खाणंही नाही, पोटात नळी. डॉक्टर तरुण पोरगा आहे, बिचारा हे सगळं खिडकीकडे बघून सांगत होता. शेवटी म्हणाला की दिवाळी आहे, तोवर आवडेल ते खाऊन घ्या. भाविका पनवेल येईपर्यंत फाइलमधले कागद पुन्हा पुन्हा लावत होती.

म्हणून एक मागणं आहे. यंदाची भाऊबीज तुझ्याकडे नको आणि माझ्याकडेही नको. मोठ्या हॉटेलात करू. वडखळला गाडी थांबवून वडा खाल्ला तसलं नाही. जिथे दार उघडायला माणूस उभा असतो, तसलं. तुम्ही दोघं, आम्ही तिघं. पेणमध्ये नको, इथे ज्याला त्याला माझा आवाज ठाऊक आहे आणि जो तो विचारतो. रोहा-कोलाड बाजूला मुंबईवाल्यांसाठी बरीच हॉटेलं झाली आहेत. तू आणि दाजी जाऊन बघून या. उजेड कमी हवा, कारण माझ्या तोंडातून लाळ येते. कोपरा असेल तर सोन्याहून पिवळं. आणि जिताडा मिळायला हवा. खाडीच्या माणसाने शेवटी पनीर खाऊन उठायचं म्हणजे काय!

दाजींना नमस्कार. लोभ आहे तेवढा पुरे, उगाच वाढवून रडत बसू नको.

तुझा,
हरेश


रोहा
१२ ऑक्टोबर २०२४

चि. हरेश यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि दोन दिवस कशात लक्ष लागेना. ह्यांनी वाचलं, घडी केली आणि बाहेर जाऊन बसले. मग स्वतःच स्कूटर काढली आणि म्हणाले, चल, हॉटेलं बघायला जाऊ. तुझे दाजी आयुष्यात पहिल्यांदा मला आपणहून हॉटेलात घेऊन गेले, हे श्रेय तुझं.

पहिलं नागोठण्याच्या बाजूचं बघितलं. कारंजं आहे, झुंबरं आहेत, पण गाणी एवढ्या मोठ्याने की वेटरलासुद्धा ओरडावं लागत होतं. दुसऱ्या ठिकाणी गेटवरचा वॉचमन बुकिंग दाखवा म्हणाला. हे म्हणाले की बुकिंग करायचं की नाही तेच बघायला आलोय, तर तो म्हणाला, आधी बुकिंग करा. तिथून परत फिरलो.

तिसरं कोलाडच्या पुढे, अगदी नदीवर. तिथे वेटरांचा कॅप्टन कोण निघावा? आपल्या आळीतल्या हाजराचा फहाद. दुबईत होता, आता इथे आला आहे. ओळखलं त्याने मला लगेच, खाला म्हणाला. मी त्याला सांगितलं की भावाच्या तोंडाला आजार आहे, ऑपरेशन व्हायचंय. अरेरे वगैरे काही म्हणाला नाही. खिडकीजवळचं एक टेबल दाखवलं, त्याच्यावरचा दिवा बंद करून दाखवला आणि विचारलं की एवढा अंधार चालेल का. मासा तिखटाशिवाय, काटा काढून, एकदम मऊ करून देतो म्हणाला. मला तेच पसंत पडलं.

सासूबाईंना सगळं सांगितलं नाही, पण हॉटेलचं कळलंच. त्यांचं वय झालं तरी कान शाबूत आहेत. म्हणाल्या, सणासुदीला घरातली चूल टाकून परक्याच्या ताटात जेवायचं हे काय खूळ गो! मी हसले, पण खरं सांगते, हाच प्रश्न माझ्याही मनात आहे. भाविका काय म्हणते? तिने ह्याबद्दल मला अवाक्षर कळवलेलं नाही.

किमयाला गोड पापा. पोरगी कॉलेजला जाते तरी मला तोच द्यायचा असतो. आशीर्वाद आहेतच, पत्रात मावतील तेवढे पाठवते.

तुझी,
ताई


पेण
१७ ऑक्टोबर २०२४

ती. वन्संना,
भाविकाचा शि. सा. न.

तुमचं पत्र ह्यांनी मला वाचायला दिलं. तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, नाहीतर लिहिणार नव्हते. हॉटेलात जाऊ नका असं तुम्हीच ह्यांना सांगा. तुमचं ऐकतील.

लग्न होऊन आले तेव्हा मला जिताडा साफसुद्धा करता येत नव्हता. ह्यांनीच खाडीवरून आणून, मागच्या दारी बसून शिकवलं. तेव्हापासून ह्यांच्या ताटात मी कधी बाहेरचं वाढलं नाही. ड्यूटीवरसुद्धा डबा माझाच. आणि आता, जे काय शेवटचं तोंडाला लागणार, ते कुणा परक्या आचाऱ्याचं? माझं काय चुकलं ते तरी सांगावं. मी विचारलं तर नुसता हात हलवतात.

आताशा जेवायलाही आमच्यात बसत नाहीत. लाळ गळते, किमयासमोर नको वाटतं म्हणतात. मी मऊ भात, त्यावर तूप, असं ताट मागच्या पडवीत नेऊन ठेवते. हे दार लावून घेतात. ताट रिकामं बाहेर येतं एवढंच समाधान. तरी अंग उतरतच चाललंय. शर्ट हँगरला लावल्यासारखा दिसतो.

राग मानू नका. तुम्हाला नाही सांगायचं तर कुणाला सांगू?

आपली,
भाविका


रोहा
२१ ऑक्टोबर २०२४

चि. हरेश यास आशीर्वाद.

आज लाडाचं काही लिहीत नाही. भाविकाचं पत्र आलं. तिच्या हातचं घरी जेव, मी सगळं सोडून दोन दिवस आधी येते, आम्ही दोघी मिळून करू. हॉटेल काय, पुढच्या वर्षीही तिथेच असेल. आणि नकोच म्हणत असशील तर का नको ते मला लिही. आजारी आहेस म्हणून तुझा हट्ट पुरवेन, पण तिला असं आतल्या आत कुढत ठेवलंस तर मी तुझी कुणी नाही.

तुझी,
ताई


पेण
२५ ऑक्टोबर २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चांगलं झापलंस. बरं वाटलं. आजारी पडल्यापासून मला कुणी ओरडतच नाही.

भाविकाच्या हाताला मी नावं कशी ठेवीन? पण तू विचार कर. घरात ते शेवटचं जेवण झालं की ते त्या ओट्यावर, त्या कढईत कायमचं बसणार. हे इथे बसून जेवले होते, ही शेवटची वाटी, असं चालू होणार. तिला आणि किमयाला पुढे रोज तिथेच शिजवायचं आहे, तिथेच जेवायचं आहे. हॉटेलच्या टेबलाचं काय, आपण उठलो की फडकं मारून दुसऱ्याला देतात. ते दुःख तिथेच राहील, घरी येणार नाही.

हे मी तिला तोंडाने सांगू शकत नाही. काल लिहून दाखवलं. तिने वाचलं आणि कोणती साडी नेसू म्हणून विचारलं. तेव्हा ठरलं समज. फहादला कळव, रविवारी रात्री पाच माणसं. खिडकीचं टेबल.

औक्षणाचं ताट आणायला विसरू नको. हॉटेलवाले निरांजन लावू देतात का तेही विचारून ठेव, नाहीतर त्यांचा धुराचा भोंगा वाजायचा. तू ओवाळशील तेवढा वेळ मी गप्प बसेन, हे यंदा नक्की.

तुझा,
हरेश


मुंबई
५ नोव्हेंबर २०२४

ती. वन्संना,
भाविकाचा नमस्कार.

ऐन वसुबारसेनंतर तुमच्या सासूबाई, गोदूआजी, अशा गेल्या. त्या गर्दीत तुमच्याशी धड बोलताही आलं नाही. सुतकामुळे तुम्हाला येता आलं नाही ह्याचं ह्यांनी फार मनाला लावून घेतलं. जेवण रद्द करूया म्हटलं, तर कॅलेंडरवर सहा तारखेवर बोट ठेवलं. मग आम्ही तिघंच गेलो. आज इथे दाखल केलंय, उद्या सकाळी नेतील. किमया आत बसली आहे, मी बाकावर बसून लिहिते.

फहादने सगळं तुम्हाला सांगितलं होतं तसंच केलं. टेबल खिडकीचं, दिवा बंद. तुमच्या दोघांच्या खुर्च्या काढू का विचारलं, तर ह्यांनी राहू दे म्हणून खूण केली. ह्यांनी नवा निळा शर्ट घातला होता. जिताडा आला तो पांढऱ्या रश्श्यात, वर एक फूल ठेवलेलं. ते फूल बघून हे हसले. वन्सं, किती दिवसांनी हसले!

मग जेवायला लागले. एक घास घेतला, बराच वेळ तोंडात ठेवला, नॅपकिनने तोंड पुसलं. पुन्हा घास, पुन्हा पुसणं. मला वाटलं, लाळ. फहाद न मागता नवे नॅपकिन आणून ठेवत होता. किमयाला आणि मला सारखं खा खा म्हणून खुणावत होते. मध्येच एक नॅपकिन खाली पडला. मी उचलायला वाकले, तर तो जड लागला. उघडला. त्यात मासा होता. सगळेच्या सगळे घास त्यात होते.

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी नजर खाली घातली नाही. काहीतरी बोलले. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, पण मला कळतं. घशाखाली काही जात नाही, घटस्थापनेपासून नाही, असं म्हणाले. दुधाचा घोट तेवढा उतरतो. मग माझ्या लक्षात आलं. पडवीतलं ते ताट मांजर खात होतं. मी त्या भातावर तूप घालत होते, वन्सं. जास्त घालत होते.

आधी राग आला. भर हॉटेलात उठून जावंसं वाटलं. आणि मग कळलं की घर का नको होतं. ह्यांनी तुम्हाला लिहिलं ते खोटं नसेल, पण तेवढंच खरं नव्हतं. घरी मी समोर बसले असते. माझ्या हातचा घास ह्यांना माझ्यादेखत बाहेर काढावा लागला असता. ते मी बघू नये म्हणून एवढं सगळं.

मी ह्यांचं ताट माझ्याकडे ओढलं आणि तो जिताडा खाल्ला. आमसूल नाही, मिरची नाही, काही चव नव्हती. तरी सगळा खाल्ला. हे टेबलावर कोपर टेकून माझ्या तोंडाकडे बघत होते, लहान मूल बघतं तसे. किमया तोंड धुवायला म्हणून गेली ती बराच वेळ आली नाही. ते नॅपकिन फहादने वेटरला उचलू दिले नाहीत, स्वतः घेऊन गेला.

देवाला सांगा काहीतरी. सुतक असलं म्हणून काय झालं, मनातल्या मनात सांगा.

आपली,
भाविका


रोहा
२० जानेवारी २०२५

चि. हरेश यास,
ताईचे आशीर्वाद.

परवा तुला बघून आले. तू टवटवीत आहेस असं खोटं लिहीत नाही, पण दवाखान्यातल्यापेक्षा माणसात आलास. नळीतून दूध घालायला किमया किती सफाईने शिकली! मला तर बघवेना, नि ती आपली कॉलेजच्या गप्पा सांगत घालत होती.

पण एक गोष्ट मला खटकली. मी दुपारची आले तरी तुमच्या घरात फोडणीचा वास नाही. किमयाला कोपऱ्यात घेऊन विचारलं. म्हणाली, आई घरात शिजवतच नाही. शेजारच्या गिरजाबाईंकडे दोघी जातात, उभ्याउभ्या चार घास खातात आणि तोंड धुऊन घरी येतात, बाबांना वास यायला नको म्हणून. भाविकाची हाडं दिसायला लागली आहेत. मी तिला बोलले तर म्हणाली, ह्यांच्यासमोर माझ्या घशाखाली उतरत नाही.

तू तिला ज्यातून वाचवायला गेलास, ते तर घरात येऊन बसलंच आहे. आता काय करायचं ते तूच ठरव. मला सुचत नाही.

तुझी,
ताई


पेण
१६ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
हरेशचा साष्टांग नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. मधे मुंबईला जाऊन आलो. वाईट आधी लिहितो. मानेत पुन्हा गाठ आली आहे. आता कापायचं नाही म्हणाले. औषध देतील, दुखू नये म्हणून. किती दिवस ते मी पाटीवर लिहून विचारलं, तर डॉक्टर पुन्हा खिडकीकडे बघायला लागला. ह्या वेळी भाविकानेच त्याला सांगितलं की आमच्याकडे बघून बोला. बोलला. पुढच्या भाऊबीजेचा भरवसा धरू नको.

आता दुसरं. तुझं पत्र वाचलं त्या दिवशी संध्याकाळी दोघी गिरजाबाईंकडे निघाल्या, तेव्हा मी उठलो. गॅस पेटवला, तेल ओतलं, मोहरी टाकली, लसूण टाकला. काही जळतंय म्हणून भाविका धावत आली. मी तिला धरून पाटावर बसवली. मला काय येतं? वरण-भात. मीठही चाखता येत नाय, अंदाजाने घातलं. दोघींना वाढलं आणि समोर बसलो. ती ताटावर रडली. मी तसाच बसून राहिलो. दुसऱ्या दिवशीही रडली. ती उठून जाऊ लागली की मी पदर धरायचो. किमया मात्र पहिल्या दिवसापासून जेवते. वरणात मीठ जास्त झालं की तोंड वाकडं करते, आणि ते मला फार आवडतं.

वासाने मला त्रास होतो. होतो म्हणजे होतोच, तुझ्याशी खोटं कशाला बोलू. पोटात भूक नसते, पण तोंडात जिथे काही उरलेलं नाही तिथे पाणी सुटतं. ते पुसतो आणि वाढतो. बघण्यापेक्षा वाढायला बरं वाटतं, हात गुंतलेले राहतात.

काल भाविकाने पुन्हा भात मागितला.

दाजींना घेऊन ये, आणि येशील तेव्हा उपाशी ये.

तुझा,
हरेश