सहा हजार डझन बिजागऱ्या आणि मधला मी

३ मार्च, सकाळी ९:००
रोजनिशी सुरू. रोज लिहिणार.
ऑफिसातून तीन महिन्यांची बिनपगारी रजा घेऊन धंद्यात पडलो, त्यातले दोन महिने गेले. ३१ तारखेला रजा संपते. साहेबांनी बजावलंय की एक तारखेला हजर झालो नाही तर टेबल दुसऱ्याला. खुशाल द्या. मी कशाला येतोय परत. बायको म्हणाली की सध्या घर तिच्या एकटीच्या पगारावर चाललंय, तेवढं लक्षात असू दे. लक्षात आहे.

दुपारी
धंदा एकदा स्वच्छ लिहून ठेवतो, कारण सकाळी सासऱ्यांना सांगताना अडखळलो. एका देशातल्या कारखान्याकडून दाराच्या बिजागऱ्या घ्यायच्या, डझनाला चार डॉलर. दुसऱ्या देशातल्या खरेदीदाराला विकायच्या, साडेपाचला. माल तिकडून तिकडे परस्पर. आपल्या दारात एक बिजागरी येत नाही. याला मर्चंटिंग ट्रेड म्हणतात. सासरे म्हणाले की मग त्या दोघांनीच एकमेकांना फोन केला तर? हसलो. दोघांना एकमेकांचं नावच माहीत नाही, त्यावर तर सगळं उभं आहे. त्यांच्या काळात हे नव्हतं.

६ मार्च
खरेदीदाराच्या बँकेचं लेटर ऑफ क्रेडिट आलं. सहा हजार डझन, तेहतीस हजार डॉलर. कागद बिनचूक द्या, पैसे घ्या, अशी बँकेची लेखी हमी. आमच्या बँकेतल्या बाईंनी त्यातलेच चोवीस हजार कारखान्याच्या नावे फिरवून दिले. माझ्या खिशातून दमडी नाही. मधले नऊ हजार माझे.
बाईंनी दोन-दोनदा समजावलं. कारखाना माल जहाजावर चढवून कागद बँकेत देणार, त्यात त्याचं बिल असणार. ते काढून आपलं साडेपाचच्या दराचं बिल ठेवायचं. बँकेने कळवलं की लगेच. नाहीतर कारखान्याचं बिल आहे तसं पुढे जाईल आणि बँक जबाबदार राहणार नाही. म्हटलं, एक कागद काढायचा, एक ठेवायचा, एवढंच ना? बाई म्हणाल्या, एवढंच, पण तेवढं करा.
बाई जरा घाबरट आहेत.

९ मार्च
या सगळ्यात माझ्या हातचा कागद एकच. तो साधा कसा देणार? लेटरहेड छापून घेणार. लोगो स्वतः काढला. पृथ्वी आणि तिला बिजागरी. मुलगी म्हणाली की मगरीने चेंडू धरल्यासारखं दिसतंय. ती कॉमर्सला आहे.

१२ मार्च, सकाळी ११:२०
जहाज सुटलं! कारखानदाराने फोटो पाठवला. कंटेनर निळा आहे. दहा मिनिटं बघत बसलो, डोळे भरून आले.
११:४५ ला साहेबांना राजीनामा मेल केला. भाषा मुद्दाम नम्र ठेवली. बायकोला योग्य वेळी सांगेन. आज तिचं डोकं दुखतंय.

१६ मार्च, सकाळी
बाईंचा फोन. कारखान्याचे कागद आलेत, तुमचं बिल उद्या चारपर्यंत आणा. बिल टाइप करून तयारच आहे. लेटरहेड तेवढं प्रेसमध्ये. निळा फिका आला होता, म्हणून परत पाठवलं.

१७ मार्च, दुपारी १२:१०
निळा आता जांभळा झालाय. परत पाठवलं. प्रेसवाला म्हणाला की लग्नपत्रिकेलासुद्धा लोक एवढं करत नाहीत. म्हणूनच तो प्रेसवाला राहिला.

दुपारी २:३०
पुन्हा बाई. साध्या कागदावर दिलं तरी चालेल म्हणाल्या. त्यांना चालेल हो. खरेदीदार काय म्हणेल? निघालोच म्हणून सांगितलं. शर्ट घातला होता, म्हणजे तसं खोटं नाही.

संध्याकाळी ५:३०
लेटरहेड हातात. बँक बंद. उद्या पहिला नंबर माझा. एका दिवसाने काय होतंय.

१८ मार्च, सकाळी ११:००
निळा अप्रतिम आलाय. बाईंनी बिल उजेडात धरून बघितलं, छान आहे म्हणाल्या. मग सांगितलं की कागद काल सव्वाचारला कुरियरने गेले. कारखान्याच्या बिलासकट. त्यावर कारखान्याचं नाव, पत्ता, फोन. डझनाला चार डॉलर.
कुरियर थांबवता येईल का विचारलं. नाही म्हणाल्या. माझ्या मागे रांग होती, तरी त्यांनी मला बसू दिलं. पाणी मागवलं.

दुपारी
शांतपणे विचार केला. एवढा मोठा खरेदीदार बिलं स्वतः कशाला वाचेल?

२३ मार्च
वाचलं. बिलाप्रमाणे चोवीस हजार गेले, थेट कारखान्याला. माझ्या खात्यात शून्य. खरेदीदाराने सभ्यपणे विचारलंय की आधी ठरलेल्या भावात डझनामागे दीड डॉलर जास्तीचे कशाचे होते. चार उत्तरं लिहिली. सर्व्हिस. को-ऑर्डिनेशन. मार्केट नॉलेज. रिस्क. वाचून माझाच विश्वास बसेना. पाठवलं नाही.

२५ मार्च
बायकोला राजीनाम्याचं सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. कधी दिलास, एवढंच विचारलं. बारा तारखेला म्हटल्यावर तिने बोटांवर दिवस मोजले आणि आत गेली.
साहेबांना फोन केला. राजीनामा मागे घेता येईल का? साहेब हळहळले. टेबल कालच दिलं म्हणाले. माझ्याच हाताखाली शिकलेल्या मुलीला.
मला भीती वाटते आहे. इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहिलं.

२६ ते ३१ मार्च
काही लिहिण्यासारखं नाही.

२ एप्रिल, सकाळी १०:१५
खरेदीदाराचा मेल! बारा हजार डझन. दुप्पट. उभाच राहिलो खुर्चीतून. मग पाहिलं, मेल कारखानदाराला आहे. दर डझनाला साडेचार. मी नुसता सीसीमध्ये, माझ्याच जुन्या मेलवर कारखानदाराचा पत्ता टाकल्यामुळे राहून गेलेला.

सकाळी १०:४०
कारखानदाराचा मेल, फक्त मला. ओळख करून दिल्याबद्दल मनापासून आभार. इथून पुढच्या मेल्समधून तुमचं नाव काढलं तर चालेल का, कृपया कळवावे.

सकाळी १०:४२
चालेल म्हणून कळवलं. या व्यवहारात माझ्याकडून वेळेवर गेलेला हा एकच कागद.